तलावावरची तिसरी हाक

आईला घेऊन बोर्निओला मासे पकडायला जायचं, हा हट्ट माझा होता. नंतर मी सगळ्यांना सांगत सुटले की हट्ट तिचा होता, आणि आता ती गोष्ट इतकी पाठ झाली आहे की लिहितानाही हात तिकडेच वळतो. म्हणून आधीच सांगून टाकते. तिनं काहीही मागितलं नव्हतं. तिला पासिर रिसच्या पार्कातली जेटी पुरत होती.

आम्ही दोघीच राहतो, सिंगापूरला, पासिर रिसमध्ये, अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मी एका बँकेत आहे. येणारा ग्राहक जो म्हणतो तोच आहे की नाही, हे तपासणं माझं काम. स्वभाव संशयी म्हणून हे काम मिळालं की काम करून स्वभाव असा झाला हे आईला विचारा, असं मी ऑफिसात गमतीनं म्हणायचे. बाबा गेल्यावर मी तिला पुण्याहून इकडे आणलं. पहिली दोन वर्षं ती हॉलच्या खिडकीशी बसून समोरच्या ब्लॉककडे बघायची. बांबूवर वाळत घातलेले कपडे रोज बदलत, पण माणूस क्वचितच दिसे. "इथं माणसं राहतात की नुसते कपडेच?" असं तिनं एकदा अगदी गंभीरपणे विचारलं होतं.

मग एका संध्याकाळी पार्कात तिला गळ टाकून बसलेली माणसं दिसली आणि माझी आई बदलली. तिचं माहेर वेंगुर्ल्याकडचं, खाडीच्या काठावरचं. लहानपणी ती भावांच्या बरोबरीनं गरी टाकायची. लग्न होऊन पुण्यात आली ती अशा घरात, जिथं मासा बाजारातून यायचा, तोही बुधवारी आणि रविवारी. चाळीस वर्षांत तिनं गळाला हात लावला नव्हता. त्या दिवशी जेटीवरच्या एका चिनी अंकलनी तिचं टक लावून बघणं पाहिलं आणि आपला जादा रॉड तिच्या हातात दिला. तिनं रॉड बाजूला ठेवला, नुसती दोरी सोडवून घेतली, तर्जनीवरून सोडली आणि डोळे मिटून बसली. पाचव्या मिनिटाला मासा वर.

"आंटी व्हेरी स्टेडी, लाह," अंकल मला म्हणाले. त्यांना मराठी येत नाही, आईला मँडरिन येत नाही, आणि इंग्रजी दोघांचंही जेमतेम. तरी रोज संध्याकाळी दोन तास दोघं शेजारी शेजारी बसायची आणि घरी येऊन आई मला अंकलच्या सुनेच्या तक्रारी सांगायची. त्या तिला कशा कळायच्या, मला माहीत नाही.

विसरणं सुरू झालं ते ह्याच काळात. आधी शब्द, मग गॅस. एका दुपारी ती शेजारच्या ब्लॉकच्या अकराव्या मजल्यावर जाऊन एका मलाय बाईची बेल वाजवत राहिली आणि माझ्या घराची चावी द्या म्हणाली. त्या बाईनं तिला बसवून सरबत दिलं आणि आईच्या गळ्यातल्या कार्डावरून मला फोन केला. हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, अजून सुरुवात आहे. पुढे माणसं ओळखणं अवघड जाईल, कधी ते सांगता येत नाही. मी विचारलं, कोण आधी जातं? ते म्हणाले, बहुतेक वेळा नवी माणसं आधी, जुनी शेवटी. मी जुनी होते. एमआरटीच्या गाडीत बसून घरी येताना मी तेवढंच एक वाक्य धरून बसले होते.

मला भीती एकाच गोष्टीची होती. ती चावी विसरली, तारीख विसरली, बाबा गेल्याचं विसरून त्यांची वाट बघत बसली तरी मी निभावून नेलं असतं. पण एक दिवस तिनं माझ्याकडे बघावं आणि मी तिला कुणीच नसावं, हे मला सोसणार नव्हतं. रोज सकाळी चहाचा कप पुढे करताना मी तिचा चेहरा वाचायचे. कधी न राहवून विचारायचेही, मी कोण सांग. मग ती भडकायची. "बँकेतली परीक्षा बँकेत घ्यायची, बाय. मला चहा दे," म्हणायची. ती रागावली की मला हायसं वाटायचं. 'बाय' ती फक्त मला म्हणते.

आणि माझ्या लक्षात आलं होतं की जेटीवर बोटावर दोरी असली की ती काहीच विसरत नाही. तिथं ती पुरती माझी आई असते. त्यावरून मी एक साधं गणित मांडलं. दोन तास मासे पकडून ती दोन तास माझी राहते, तर चार दिवस मासे पकडले की चार दिवस राहील. शिकल्यासवरल्या माणसानं इतका बावळट विचार करावा ह्याचं मला आता नवल वाटतं. तेव्हा मात्र मी अभिमानानं रजा टाकली आणि बोर्निओच्या आतल्या भागातल्या एका लॉजवर चार दिवसांचं बुकिंग केलं. राहणं, जेवण, होडी आणि बरोबर गाइड. तिथं रस्ता जात नाही. आठवड्यातून दोनदा छोटं विमान जातं.

विमान इतकं छोटं होतं की बसण्याआधी माणसांचं बॅगेसकट वजन करत होते. आईनं काट्यावर चढताना चपला काढून बाजूला ठेवल्या, देवळात काढतात तशा. मग तासभर खाली नुसतं हिरवं. उतरलो तर गवताची धावपट्टी, एक पत्र्याची शेड आणि शेडीत आमची वाट बघत उभा असलेला गाइड. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं काटकुळा, तिथलाच. तो इंग्रजी चांगलं बोलायचा पण शब्द मोजून. आईला त्यानं हात धरून होडीत बसवलं आणि मला नुसतं, या, म्हटलं.

तलाव धरणाचा होता. वळण घेऊन होडी मोठ्या पाण्यात शिरली. पाण्यातून झाडं उभी होती. मेलेली, सालं गळून गेलेली, राखाडी पडलेली, दिसेल तिथवर. धरण भरलं तेव्हा जंगल तोडायला कुणाला सवड झाली नव्हती, गाइड म्हणाला, ते उभ्यानंच बुडालं. पाणी हलत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक झाडाखाली उलटं झाड होतं, आणि कुठं पाणी सुरू होतं ते कळत नव्हतं. जाहिरातीतल्या फोटोत हे सुंदर दिसलं होतं.

लॉज म्हणजे ओंडक्यांवर तरंगणाऱ्या चार लाकडी खोल्या आणि एक स्वयंपाकघर. त्या आठवड्यात दुसरे पाहुणे नव्हते. गाइडनं चहा करता करता नियम सांगितले. होडीत लाइफ जॅकेट काढायचं नाही. एकट्यानं होडी सोडायची नाही. सकाळी आठनंतर धरणाच्या बाजूला वारा सुटतो आणि ओढ असते, तेव्हा तिकडे जायचं नाही. हे सगळं मी मान डोलावून ऐकलं. मग तो म्हणाला, पाण्यावर किंवा जंगलात कुणाला नावानं हाक मारायची नाही. कुणी दिसेनासं झालं तर हाक मी मारेन, आमच्या पद्धतीनं. एका जागेवरून एकदा. मग पुढं जाऊन परत एकदा.

"एकदाच का?" मी विचारलं. माझा ऑफिसातला आवाज लागला होता.

"एकदा ऐकलं तर विसरतं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा त्याच जागेवरून ऐकलं तर शिकतं."

"कोण?"

"चहात साखर किती?" त्यानं विचारलं.

मला ते आवडलं नाही. सुरक्षेच्या सूचनांत भुताखेतांच्या गोष्टी मिसळणं मला गैर वाटलं, आणि आईनं विचारलं तेव्हा मी हसत हसतच तिला सगळं मराठीत सांगितलं. ती हसली नाही. तिनं गाइडकडे बघून मान हलवली. "बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "शहाणा माणूस आहे."

पहिला दिवस मी जन्मात विसरणार नाही, आणि हे मी चांगल्या अर्थानं लिहिते आहे. गाइडनं होडी झाडांच्या मधल्या एका शांत जागी नेली. तिथल्या प्रसिद्ध माशाला ते तोमान म्हणतात. त्यानं फोनवर फोटो दाखवला तर आई म्हणाली, "हा तर मरळ. आपल्याकडे ओढ्यात असतो, पण हा केवढा थोरला." तिनं रॉड नाकारला. गाइड हसला आणि त्यानं तिला जाड दोरी दिली. एका ठिकाणी पाण्यावर लालसर बुडबुडे आल्यासारखं दिसत होतं. जवळ जाऊन बघितलं तर ती बोटाएवढी पिल्लं होती, शेकड्यांनी, एका गोळ्यात फिरत असलेली. बरेच लोक इथंच गळ टाकतात, गाइड म्हणाला, कारण खाली त्यांची आई असते आणि ती चटकन अंगावर येते. तो मात्र टाकू देत नाही. आईला मी भाषांतर करून सांगायच्या आधीच तिनं दोरी गुंडाळून मांडीवर घेतली होती.

दुपारपर्यंत तिनं तीन मरळ काढले. मला एक मिळाला नाही, त्यावरून तिनं माझी यथेच्छ टिंगल केली. मासे परत सोडायचे असतात हे कळल्यावर ती हिरमुसली, कारण बॅगेत कपड्यांच्या घडीत तिनं मालवणी मसाल्याची पुडी आणली होती. मला तिनं सांगितलंही नव्हतं. शेवटी गाइडनं एक मासा ठेवू दिला. तिनं लॉजच्या स्वयंपाकघरात उभं राहून तो केला, मीठ-तिखट काही न चुकता, आणि वाढताना मला म्हणाली, "बाय, काटा बघून खा." तू झालीस तेव्हा दाईनं काय म्हटलं, बाबा कसे तीन दिवस तुला हातात घ्यायला घाबरले, हे सगळं तिनं ओळीनं सांगितलं. इतकी सलग ती वर्षभरात बोलली नव्हती. मला फार आनंद झाला होता. माझं गणित बरोबर आलं होतं.

फक्त एक गोष्ट. उतरत्या दुपारी आम्ही तलावाच्या मध्यावर होतो, काठापासून लांब, आणि कोंबडा आरवला. अगदी जवळ, होडीच्या बाजूला. मी दचकले. आईला काही वाटलं नाही. "गाव जवळच आहे वाटतं," ती म्हणाली. मी गाइडला विचारलं, गाव कुठं आहे. त्यानं वल्हं उचलून सरळ खाली दाखवलं. त्याच्या आजोबांचं गाव तिथंच होतं, धरण भरायच्या आधी.

"आवाज टेकडीपलीकडून येत असेल," मी म्हटलं. "पाण्यावरून लांबचे आवाज येतात."

"सगळे पाहुणे तेच म्हणतात," तो म्हणाला. थोडं वल्हवून झाल्यावर त्यानं आणखी एक वाक्य जोडलं. "गाव सोडताना आम्ही सगळे कोंबडे बरोबर नेले होते. टोपल्या मीच उचलल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमाराला मला जाग आली तेव्हा आईची खाट रिकामी होती. पांघरुणाची घडी घातलेली. बाहेर फळ्यांच्या कडेला तिच्या चपला, शेजारी शेजारी, पाण्याकडे तोंड करून. मग बघितलं तर वल्ह्याची छोटी होडी नव्हती आणि खुंटीवरचं एक लाइफ जॅकेटही नव्हतं. म्हणजे तिनं ते घातलं होतं. मी गाइडचं दार बडवलं.

धुकं इतकं होतं की होडीच्या मागच्या टोकाला बसलेल्या मला पुढच्या टोकाला बसलेला गाइड पुसट दिसत होता. त्यानं इंजिन लावलं नाही. इंजिनाच्या आवाजात उत्तर ऐकू येणार नाही, म्हणाला. तो वल्हवत होता. थोडं गेल्यावर थांबून त्यानं वल्ह्यानं होडीच्या बाजूवर एक ठोका दिला आणि लांब, खालच्या सुरात हाक दिली, नुसता "ऊ". मग गप्प. पाण्याचे थेंब वल्ह्यावरून पडताना ऐकू येत होते. उत्तर आलं नाही. तो पुढं गेला, पुन्हा एक ठोका, एक हाक. धुक्यातून झाडं एकेक करून जवळ यायची आणि मागं जायची. सहा वेळा झालं, सात वेळा झालं. मी घड्याळ बघत होते. सात वाजून गेले होते. आठला वारा सुटणार होता.

आणि तेव्हा मला आठवलं की आई त्याच्या नियमाला बरोबर का म्हणाली.

मी सहासात वर्षांची असताना आम्ही तिच्या माहेरी गेलो होतो. तिन्हीसांजेला खाडीवर पाय बुडवून बसले होते आणि पलीकडून कुणीतरी माझं नाव घेतल्यासारखं वाटलं. मी ओ देणार तेवढ्यात आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. पाण्यावर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, तिनं सांगितलं, दुसऱ्या हाकेलाही नाही. जे माणूस नाही ते दोनदाच हाक मारू शकतं. तिसऱ्यांदा मारली तर समजायचं माणूस आहे, मग ओ द्यायची. पुण्यात हे ती कधी बोलली नाही. पुण्यात पाणी नळाला होतं.

"ती ऐकते आहे," मी गाइडला म्हटलं. "ऐकून गप्प बसली आहे." मी त्याला सगळं सांगितलं. तो वल्हवायचा थांबला. त्याला ते विचित्र वाटलेलं दिसलं नाही.

"तीनदा?" त्यानं विचारलं.

"तीनदा. एकाच जागेवरून. त्याशिवाय ती ओ देणार नाही. तुम्ही आज मारलेली प्रत्येक हाक तिच्यासाठी पहिलीच आहे."

"इथं तीनदा मारायची नाही."

"मग ती सापडणार नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. ज्या गोष्टींना मी काल हसले होते त्यांच्यावरून मी एका परक्या माणसाशी धुक्यात भांडत होते, आणि दोघांपैकी कुणालाच त्यात हसण्यासारखं वाटत नव्हतं. त्यानं वल्हं आडवं ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. मी म्हटलं, मी नाव घेणार नाही. आई हे काही नाव नाही.

मी उभी राहिले. छातीत हवा भरून हाक मारली, "आई". धुक्यानं ती गिळून टाकली. मी थांबले. मग दुसरी, आणखी मोठ्यानं. ह्या वेळी शेवटी माझा आवाज चिरकला, रडू फुटतं तेव्हा चिरकतो तसा, आणि मला खाली बसावं लागलं. मी तोंडावर हात घेतला. एक श्वास घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलं.

तेवढ्यात तिसरी हाक आली.

ती डाव्या बाजूनं, झाडांच्या मागून आली. आवाज माझा होता. "आई," आणि शेवटी दुसऱ्या हाकेत जिथं चिरकला होता तिथंच चिरकलेला. माझं तोंड उघडंच होतं आणि त्यातून काही निघालं नव्हतं.

लगेच समोरून, अगदी जवळून, आईचा आवाज आला. "ओ."

वल्हवत पुढं गेलो तर वीस हातांवर होती ती. छोटी होडी एका मेलेल्या झाडाला तिनं साडीच्या फाटक्या पट्टीनं बांधली होती, बोटावरून दोरी पाण्यात सोडली होती, अंगात लाइफ जॅकेट नीट बांधलेलं. भिजली नव्हती, घाबरली नव्हती. "केव्हाच्या हाका चालल्या होत्या," ती म्हणाली, "पण एकेकदाच. मी कशी देणार ओ? आत्ता तिनं तिसऱ्यांदा मारली तेव्हा दिली." असं म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून डावीकडे बघत होती.

गाइडनं तिला धरून आमच्या होडीत घेतलं. मी तिला मिठी मारली. तिनं मारू दिली. मी माझी शाल काढून तिच्या खांद्यावर घालायला लागले तर तिनं माझा हात हळूच बाजूला केला. "राहू द्या," ती म्हणाली. "तुम्हाला थंडी वाजेल."

"आई, मी आहे."

"हो," ती म्हणाली. पाहुण्याला म्हणतात तसं, नीट, गोड.

परत जाताना गाइडनं मला विचारलं, तुम्ही किती वेळा हाक मारलीत? मी म्हटलं, तीन. "दोन," तो म्हणाला, "मी मोजत होतो." मग पुढचा सगळा वेळ त्यानं पाठ फिरवून वल्हवलं. लॉजवर पोचल्यावर मी त्याला सरळ विचारलं तेव्हा म्हणाला, प्रतिध्वनी असेल, झाडांमुळे उशिरा येतो. पाहुण्यांना काय ऐकायला आवडतं हे त्याला ठाऊक होतं.

विमान यायला दोन दिवस होते. मी फोन करून डॉक्टरांशी बोलले, तिला पाणी पाजलं, ऊब दिली. ती जेवत होती, झोपत होती, माझ्याशी आदरानं बोलत होती. जेवताना ताटातला एक मासा बाजूला काढून ठेवायची. कुणासाठी, विचारलं तर म्हणायची, "मुलगी येईल ना माझी." निघायच्या दिवशी ती होडीत बसेना. फळ्यांच्या कडेला उभी राहून झाडांकडे बघत राहिली. मी समजावलं, विनवलं, शेवटी रागावले. मग गाइड पुढं आला आणि तिच्याशी त्याच्या भाषेत चार शब्द बोलला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मुकाट्यानं बसली. धावपट्टीवर मी त्याला विचारलं, काय सांगितलंत. तो म्हणाला, "तिला मी बघेन, असं म्हटलं."

सिंगापूरला आल्यावर तपासण्या झाल्या. लघवीत संसर्ग निघाला, औषधं झाली. वयस्कर माणसाला अनोळखी जागा, थंडी, धावपळ सोसत नाही, डॉक्टर म्हणाले, कधी कधी एका रात्रीत मोठी पायरी उतरते. ती परत वर चढेलच असं नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं. त्यातल्या एका शब्दावरही मी संशय घेतलेला नाही. तिला तिथं मी नेलं, हेही तितकंच खरं आहे, आणि ते मला रोज आठवतं.

ती अजून जेटीवर जाते. अंकलना ती ओळखते. मला लांबून येताना बघून ते तिला कोपरानं खुणावतात, "आंटी, युअर डॉटर कम ऑलरेडी," आणि ती मागं वळून माझ्या पलीकडच्या वाटेकडे बघते. मग माझ्याबरोबर घरी येते, कारण मी चांगली बाई आहे आणि मी येईन असं कुणीतरी तिला सांगून ठेवलेलं आहे. सकाळी चहा देताना मी आता तिचा चेहरा वाचत नाही.

परवा संध्याकाळी मी दिवे लावत होते. ती खिडकीशी बसली होती. "तुम्ही माझं फार करता," ती म्हणाली. "एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की," मी म्हटलं. मीही आता तिला अहोजाहो करते, नाहीतर ती अवघडते.

"माझ्या मुलीला आणायला कधी जायचं?"

"जाऊ. विमान आठवड्यातून दोनदाच असतं."

"तो माणूस बघतोय ना तिला?"

"बघतोय."

"जेवायला घालेल तो, त्याची काळजी नाही," ती म्हणाली. "पण त्याला सांगा, रात्री दिवा ठेवायला. अंधाराला भिते हो ती. कुणाला सांगायची नाही, पण भिते."

ते मी खरंच आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"भिते," मी म्हटलं. "सांगते त्याला."